चौकटीच्या खालचा हात

४ मार्च १९७५, मंगळवारची रात्र. तुम्ही अमेरिकेतल्या एका साध्या घरात, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर बसला आहात. मागे सोफ्यावर आई-वडील, शेजारी दोन पोरं, समोर लाकडी पेटीतला जाडजूड टीव्ही. एबीसी वाहिनीवर ‘ट्रिलजी ऑफ टेरर’ लागलाय. खास टीव्हीसाठी काढलेला सिनेमा, दिग्दर्शक डॅन कर्टिस. तीन वेगळ्या गोष्टी आणि तिन्हींत नायिका एकच, कॅरन ब्लॅक. पहिल्या दोन होऊन गेल्या. उद्या शाळेत त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. आता तिसरी सुरू होतेय.

अमेलिया नावाची बाई फ्लॅटमध्ये एकटी राहते. मित्राच्या वाढदिवसासाठी तिने एक लाकडी बाहुला आणलाय. उंची जेमतेम फूटभर, हातात भाला, तोंडभर सुळे, कमरेला सोन्याची साखळी. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की साखळी जागेवर आहे तोवर आतला आत्मा बांधलेला राहील. अमेलिया आईशी फोनवर बोलते, बोलता बोलता दोघींचं बिनसतं. ती बाहुला टेबलावर ठेवून अंघोळीला जाते. साखळी गळून पडते.

ती परत येते तेव्हा टेबल रिकामं असतं. स्वयंपाकघरातली सुरी जागेवर नसते. दिवा जातो. कॅमेरा अचानक जमिनीवर उतरतो आणि खुर्च्यांच्या पायांमधून, घोट्यांच्या उंचीवरून सुसाट धावत सुटतो. सोबत एक चिरका, न थांबणारा किचकिचाट. शेजारचा पोरगा दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतो. तुम्हीही घेता. गालिच्यावर बसल्याचा पश्चात्ताप होतो, कारण तुमचे घोटेही त्याच उंचीवर आहेत.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तेव्हा थोडं धीराने बघा. धावणारा बाहुला पडद्यावर अख्खा असा किती वेळा दिसतोय? फार थोडा. दिसते ती त्याची नजर. त्याच्या नजरेतून सोफा डोंगराएवढा आणि बाईच्या टाचा जवळ आलेल्या. बाहुल्याला धावता येत नाही, म्हणून कॅमेरा धावतोय. पुढे अमेलिया त्याला पकडून सुटकेसमध्ये कोंडते, तेव्हा आतून सुरीचं टोक बाहेर येतं आणि झाकण कापत हळूहळू पुढे सरकतं. या सगळ्या वेळात बाहुला डोळ्यांसमोर नाहीच. एक सुटकेस, एक सुरी आणि आतून ती सुरी ढकलणारा कुणाचा तरी हात. एवढ्या भांडवलावर तुमच्या मागे बसलेल्या बापाने सोफ्याचा हात घट्ट धरलाय.

ही गोष्ट रिचर्ड मॅथेसन यांची. १९६९ साली ‘प्रे’ या नावाने ती छापून आली होती आणि पडद्यासाठीही त्यांनीच लिहिली. एक खोली, एक नटी, एक बाहुला. अमेलिया शेवटी बाहुल्याला ओव्हनमध्ये जाळते आणि तिथेच फसते, कारण धुराबरोबर आतला आत्मा तिच्यात शिरतो. ती शांत आवाजात आईला फोन करून घरी बोलावते आणि मोठी सुरी घेऊन दाराशी उकिडवी बसते. हसते तेव्हा तिच्या तोंडात तेच सुळे असतात. शेवटच्या दृश्यात बाहुल्याची गरजसुद्धा उरत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती बोलून टाकायला हवी. बाहुल्याला ‘झुनी’ म्हटलंय. झुनी हा न्यू मेक्सिकोतला एक खराखुरा मूळनिवासी समाज आहे. त्यांच्याकडे दगडातून कोरलेल्या प्राण्यांच्या छोट्या सुबक मूर्ती असतात. सुळे विचकणाऱ्या या भालाईताचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. परक्या लोकांचं नाव घ्यायचं आणि त्यावर आपली भीती चिकटवायची, ही या सिनेमांची जुनी खोड. भीतीच्या कारागिरीला दाद देतानाही ही खोड माफ करता येत नाही.

*

ऑक्टोबर १९८९. कॅलिफोर्नियातलं एक व्हिडिओ कॅसेटचं दुकान. शुक्रवारची संध्याकाळ, नव्या सिनेमांच्या सगळ्या कॅसेटी लोकांनी कधीच नेल्यात. तुम्ही भयपटांच्या फळीसमोर उभे आहात. इथे कथा कुणी विचारत नाही, नटांची नावं कुणी वाचत नाही. डब्यावरचं चित्र हात लांबवायला लावतं की नाही, एवढंच. ‘पपेट मास्टर’चा डबा तुम्ही उचलता.

त्यामागचा माणूस म्हणजे चार्ल्स बँड. त्याची ‘एम्पायर’ ही कंपनी बुडाली आहे. १९८७ चा ‘डॉल्स’ हा स्टुअर्ट गॉर्डनचा सिनेमा त्याच कंपनीचा. आता त्याने ‘फुल मून’ काढलीय. आधी पोस्टर रंगवून घ्यायचं, त्यावर पैसे उभे करायचे आणि मग कथा लिहायला बसायचं, ही त्याची ख्याती. ‘पपेट मास्टर’चा सगळा खर्च चार लाख डॉलरच्या आसपास. सिनेमा थिएटरला न जाता थेट कॅसेटवर आलाय, आणि पॅरामाउंटच्या वितरणामुळे देशभरच्या फळ्यांवर पोचलाय.

डेव्हिड श्मोलरने दिग्दर्शित केलेल्या या सिनेमाची सुरुवात १९३९ सालात होते. समुद्रकाठच्या बोडेगा बे इन या हॉटेलात आंद्रे टूलाँ नावाचा म्हातारा कळसूत्रकार एका खोलीत बाहुल्यावर शेवटचा हात फिरवतोय. बाहुल्यांत प्राण फुंकायची प्राचीन विद्या त्याच्यापाशी आहे आणि नाझी हेर तिच्या मागावर आलेत. आवारातून, वऱ्हांड्यातून, गालिच्यांवरून कुणीतरी ठेंगणं धावत येतंय. पुन्हा तोच घोट्यांच्या उंचीवरचा कॅमेरा. माणसांचे बूट बाजूने जातात, दाराच्या मुठी आभाळात राहतात. तो ब्लेड आहे, धन्याला सावध करायला निघालेला. टूलाँ बाहुल्यांना जपून पेटीत ठेवतो, पेटी भिंतीत लपवतो आणि दार फुटायच्या आत स्वतःला गोळी घालतो.

ब्लेडकडे जवळून बघा. पांढराफटक हाडकुळा चेहरा, काळी टोपी, काळा लांब कोट. एका हाताच्या जागी सुरी, दुसऱ्याच्या जागी आकडा. हा चेहरा क्लाउस किन्स्की या जर्मन नटावरून घडवलाय. त्याच्याबरोबर श्मोलरने आधी एक सिनेमा केला होता. चेहरा हलत नाही. ओठ नाहीत म्हणावेत इतके पातळ. तरी दिव्याची जागा थोडी सरकली की गालाखालची सावली बदलते आणि तो विचारात पडल्यासारखा दिसतो. त्याच्या पंगतीत पिनहेड आहे. डोकं मुठीएवढं आणि हात धिप्पाड माणसाचे. ते हात खरोखरच माणसाचे असतात. स्वेटरच्या बाह्यांतून जिवंत बोटं बाहेर येतात, आवळतात, आणि वरचं लाकडी डोकं गप्प राहतं. डोक्यावर गिरमिट असलेला टनेलर आहे, जळवा ओकणारी लीच वुमन आहे. जेस्टरच्या चेहऱ्याचे तीन आडवे तुकडे फिरतात, आणि हसू, राग, दुःख अशी पाळी बदलत राहते.

काळात फिरणाऱ्याला एक सवलत असते, पडद्यामागे जाता येतं. काही महिने मागे चला, डेव्हिड ॲलनच्या कार्यशाळेत. हा माणूस एक-एक चित्र घेऊन बाहुली हलवणाऱ्यांपैकी. ‘यंग शेरलॉक होम्स’मधल्या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालंय. टेबलावर बाहुलीचा धातूचा सांगाडा आहे, प्रत्येक सांध्याला गोळी बसवलेली, वर मऊ रबराचं कातडं. बोट केसभर हलवायचं, हात मागे घ्यायचा, एक चित्र घ्यायचं. पुन्हा केसभर. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. दिवसभर राबून हाती काही सेकंद येतात, म्हणून चार लाखांच्या सिनेमात हे काम चवीपुरतंच परवडतं. बाकी सगळं काठ्यांवर, तारांवर आणि हातांवर.

ते कसं चालतं, ते बघायला वाकावं लागेल. अशा चित्रीकरणात सेट जमिनीपासून उचलून बांधतात. फळ्यांमध्ये फटी ठेवतात. खाली माणसं पाठीवर पडलेली असतात, हात डोक्याच्या वर ताणलेले, नजर शेजारच्या छोट्या पडद्यावर, कारण स्वतःचा बाहुला त्यांना थेट दिसतच नाही. एक जण डोकं सांभाळतो, दुसरा उजवा हात, तिसरा कोटाची टोकं ओढून श्वास घेतल्याचा भास करतो. तिघांचा ताल जुळला तर बाहुला वळून बघतो. नाही जुळला तर नुसतं लाकूड हलतं. कॅमेऱ्याची चौकट जिथे संपते, त्याच्या बोटभर खाली हे सगळं चाललेलं असतं. चौकट चुकून खाली घसरली की मनगट दिसतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

सिनेमा म्हणून ‘पपेट मास्टर’ मधे रेंगाळतो. अतींद्रिय शक्ती असलेली चार माणसं हॉटेलात जमतात, आणि त्यांच्या गप्पांत बराच वेळ जातो. पण शेवटाला एक फार चांगली गोष्ट आहे. बाहुल्यांचा नवा मालक जेस्टरला निर्दयपणे वागवतो आणि बाकीच्या बाहुल्या ते बघतात. मग त्या मालकावरच उलटतात. तासभर ज्यांना घाबरलात, त्यांची बाजू तुम्ही नकळत घेता. टूलाँने त्यांना पेटीत हळुवार ठेवलेलं तुमच्या लक्षात राहिलेलं असतं. या सिनेमाचे पुढे दहाहून अधिक भाग निघाले, त्याचं कारण मला इथेच दिसतं. कथा विसरली जाते, पण बाहुल्यांविषयीची माया टिकते.

*

वाटेत एक थांबा घेऊ. नोव्हेंबर १९८८, ‘चाइल्ड्स प्ले’. हा गरीब सिनेमा नव्हे, खर्च सुमारे ९० लाख डॉलर. केव्हिन येगरने घडवलेल्या चकीचा चेहरा दूरनियंत्रणावर हलतो, आवाज ब्रॅड डूरिफचा. चकी चालताना दिसायचा असेल तिथे एड गेल नावाचा बुटका नट चकी बनतो आणि त्याच्याभोवतीची खोली मुद्दाम मोठी बांधलेली असते, म्हणजे तो बाहुलीएवढा वाटावा. पैसा असला की असं करता येतं. इथे थांबायचं कारण एवढंच की मरता मरता आपला आत्मा बाहुल्यात घालणाऱ्या गुंडाची ही कल्पना लवकरच मराठीत उतरणार आहे, आणि तिथे ९० लाख डॉलर नाहीत.

*

१९९३ चा उन्हाळा. तालुक्याच्या गावातलं टॉकीज. लाकडी खुर्च्या, भिंतीवरचे कुरकुरणारे पंखे, वाऱ्यापेक्षा त्यांचा आवाज जास्त. बाल्कनीत बायका-पोरं, खाली तरुण मंडळी, मध्येच बॅटरीचा झोत टाकत फिरणारा डोअरकीपर. सुट्ट्या लागल्यात, त्यामुळे अर्धं टॉकीज पोरांनी भरलंय. तुमच्या शेजारी आठेक वर्षांचा मुलगा मामाच्या मांडीवर बसलाय. पाटी झळकते, ‘झपाटलेला’. शिट्ट्या.

निर्माता-दिग्दर्शक महेश कोठारे. ‘धुमधडाका’, ‘दे दणादण’, ‘थरथराट’ या सिनेमांमुळे हे नाव लोकांना पाठ आहे. ‘धडाकेबाज’मधून त्याने मराठीत पहिल्यांदा सिनेमास्कोप आणला. मराठी सिनेमाला हे झेपणार नाही, असं कुणी म्हटलं की याने ते करायलाच घ्यावं. आता त्याने मुख्य खलनायकाचं काम बाहुल्याला दिलंय.

पडद्यावर दिलीप प्रभावळकर दिसतात, तात्या विंचूच्या रूपात. गुंड तात्या बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. बाबा चमत्कार झालेत राघवेंद्र कडकोळ. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागते आणि मरता मरता तात्या मंत्र म्हणतो. जीव बाहुल्यात जातो. बाहुला डोळे फिरवतो आणि टॉकीज एका क्षणात चिडीचूप होतं. पंखे ऐकू येतात. शेजारचा मुलगा मामाच्या शर्टात तोंड खुपसतो आणि एका डोळ्याने बघत राहतो.

या टॉकीजमधल्या बहुतेकांनी चकी पाहिलेला नाही. पण बोलका बाहुला मात्र सगळ्यांनी पाहिलाय. हा बाहुला घडवणारे आणि चालवणारे रामदास पाध्ये गेली पंचवीस वर्षं रंगमंचावर आहेत. या कलेचा धडा त्यांनी घरातच घेतला. वडील य. के. पाध्ये शब्दभ्रमकार, आणि त्यांचा अर्धवटराव हा बाहुला मुलाच्या मांडीवर आला. लग्नघरापासून दूरदर्शनपर्यंत महाराष्ट्राने या बाहुल्यांशी गप्पा मारल्यात. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच.

म्हणून तात्या विंचू चकीपेक्षा वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त अस्वस्थ करणारा. चकी हे दुकानातलं खेळणं. तात्या शब्दभ्रमाच्या घराण्यातला. त्या बाहुल्याला जबडा वरखाली करण्याची कळ असते, डोळे फिरवण्याची कळ असते, पाठीत हात घालायला जागा असते. तो नेहमी कुणाच्या तरी मांडीवर बसतो. त्याचा बोलविता धनी शेजारीच असतो आणि ओठ मिटून हसत असतो. प्रेक्षकाला हा करार माहीत असतो, म्हणून बाहुला कितीही आगाऊपणा करो, आपण निर्धास्त असतो. ‘झपाटलेला’ने हा करार मोडला. बाहुला मांडीवरून उतरला. शेजारची खुर्ची रिकामी आहे, तरी तो बोलतोय.

त्या रिकाम्या खुर्चीची भीती पडद्यावर कशी आली, ते बघायचं तर बाहुल्यावरची नजर काढून लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंकडे बघा. लक्ष्या घाबरतो तेव्हा आधी गळा आवळला जातो, आवाज फाटतो, मग डोळे आणि मग पाय. बाहुल्याच्या वाट्याला तीन-चार हालचाली आहेत: मान, जबडा, डोळे, हात. उरलेलं सगळं बेर्डे पुरवतात. त्यांची नजर ज्या वेगाने फिरते, त्या वेगाने आपल्याला बाहुला पळाल्यासारखा वाटतो. ते एक पाऊल मागे सरकतात तेव्हा बाहुला एक पाऊल पुढे आला, असं आपणच ठरवतो. १९७५ मध्ये कॅरन ब्लॅकने हेच केलं होतं, एकटीने, बंद खोलीत. कमी पैशांच्या बाहुलीपटात सर्वांत महागाची यंत्रणा म्हणजे समोरचा नट. बेर्डेंना आपण विनोदवीर म्हणून मोकळे झालो. लाकडासमोर उभं राहून त्या लाकडाला जीव देणं हे किती अवघड अभिनयाचं काम आहे, याचा हिशेब आपण कधी केला नाही.

आणि आवाज. बाहुल्यातला तात्याही प्रभावळकरांच्याच आवाजात बोलतो. लाकडी चेहऱ्यावर भाव एकच असतो. त्यातून खुन्नस, लाडीगोडी आणि उतावीळपणा वेगळे काढून दाखवण्याचं काम त्या आवाजाने केलं. गावात लक्ष्याचं म्हणणं कुणी खरं मानत नाही, आणि तात्या फक्त त्याच्यापाशी तोंड उघडतो. या प्रसंगांना खालची तरुण मंडळी खो-खो हसतात आणि बाल्कनीतली पोरं किंचाळतात. एकाच टॉकीजमध्ये, एकाच वेळी. हे मिश्रण जमवणं सोपं नाही. नुसता भयपट काढला असता तर बाहुला कमी पडला असता. पण हसणारा माणूस बेसावध असतो आणि कोठारेंनी नेमकं त्या बेसावधपणावर बोट ठेवलं.

शेवटी महेश जाधव बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी घालतो. टॉकीज टाळ्यांनी दणाणतं. शेजारचा मुलगा टाळ्या वाजवत नाही. तो पडद्यावरचा बाहुला पुन्हा हलतो का, ते बघतोय.

बाहेर पडताना लक्षात येतं, पोरांनी मंत्र पाठ केलाय. तो पुढे कित्येक वर्षं शाळांच्या मैदानांवर, गणपतीच्या मांडवात, रिक्षांच्या मागच्या काचांवर राहणार आहे. ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने सिनेमा हिंदीत डब होणार आहे. १९९६ मध्ये हिंदीवाले याच कल्पनेवर ‘पापी गुडिया’ काढतील. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत येईल, पण त्यात लक्ष्मीकांत बेर्डे नसतील. १६ डिसेंबर २००४ रोजी ते गेले. बाहुला परत आणता आला, त्याच्यासमोर घाबरणारा तो माणूस आणता आला नाही. पडद्यावर ती उणीव कोणत्याही चष्म्याने भरून निघत नाही.

*

आता स्वतःच्या काळात या. आज संगणकावर बाहुली धावते, भिंतीवर चढते, तिच्या पापण्यांचे केससुद्धा हलतात. तिला काहीच अशक्य नाही, आणि म्हणूनच कॅमेऱ्याला घोट्यांपाशी उतरावं लागत नाही, नटाला मागे सरकून बाहुलीला पुढे आणावं लागत नाही. मला या नव्या बाहुल्या गुळगुळीत वाटतात. खऱ्या लाकडावर खरी सावली पडते. खऱ्या हाताचा कंप काठीतून बाहुल्याच्या मानेपर्यंत जातो आणि तो कंप डोळ्यांना कळतो. पैसे नाहीत म्हणून घेतलेल्या वाटांनी या सिनेमांना त्यांचं रूप दिलं. ते रूप पैसे आल्यावर कुणाला फारसं सुधारता आलेलं नाही.

या हातांची दखल मात्र आपण घेतली नाही. नायकाचं नाव सगळ्यांना ठाऊक, बाहुल्याचं नावही ठाऊक. खाली पाठीवर पडून हात ताणणाऱ्यांची नावं शेवटी वर सरकणाऱ्या पाट्यांत असतात, आणि तोवर टॉकीजचे दिवे लागलेले असतात. ‘झपाटलेला’ पुन्हा बघाल तेव्हा मुलांना सोबत घ्या. मंत्र त्यांना शिकवाच, पण त्याआधी रामदास पाध्ये हे नाव शिकवा आणि पाट्या संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका.